दुभाषी बाई

सड्यावरच्या उघड्या कातळावर उतरलेलं परग्रहवासी पाहुण्यांचं यान परत निघायला अर्धा तास उरला, तरी तांबटसाहेबांचा संशय जात नव्हता. "दोन वर्षं बोलणी चालली आणि त्यांचा प्रमुख एकदाही चिडला नाही? वैजयंतीबाई, भाषांतर नीट करता ना?"

"अगदी शब्दन् शब्द, साहेब."

पाहुण्यांची भाषा शिकलेली माणसांमध्ये ती एकटीच होती. साहेब त्यांना चोर म्हणाले की ती 'शेजारी' सांगायची. प्रमुखाने धमकी दिली की साहेबांना विनंती सांगायची.

निरोपाच्या वेळी प्रमुखाचा म्हातारा सल्लागार तिच्यापाशी थांबला आणि स्वच्छ मराठीत हळूच म्हणाला, "बाई, तुम्ही आमच्याशी खोटं बोलत होतात."

तिने तांबटसाहेब जवळपास नाहीत ना ते पाहिलं. "तुम्हाला मराठी येतं?"

"पहिल्या महिन्यापासून. प्रमुख मला रोज विचारायचे, ही बाई खरं सांगते का? मी रोज हो म्हणायचो."

"का?"

"मला सुखरूप घरी जायचं होतं."

तो शिडी चढून गेला आणि यानाचं दार लागलं. तांबटसाहेब लगबगीने आले. "काय कुजबुजत होता तो?"

वैजयंतीने डोळे पुसले.

"तुमच्या पाहुणचाराचं कौतुक करत होता, साहेब."