बिनधास्त आवळ!

लोखंड घट्ट धरणाऱ्या जुन्या व्हाइसचा जबडा तडकला, तेव्हा मालकानं तो वेल्डिंग मारून परत फिटरच्या टेबलावर बसवला.

"आता नव्याच्या तोंडात मारेल! बिनधास्त आवळ," मालक म्हणाला.

फिटरनं त्या ओबडधोबड जोडावरून बोट फिरवलं. "निसटला तर बोटं जातील, शेठ."

"आमच्या वेळी असली नाजूक माणसं नव्हती!" मालक हसला.

मालकाचा शब्द त्याच्या चहासारखाच पातळ, हे फिटरला पक्कं ठाऊक होतं. पण घर चालवायचं होतं. त्यानं मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या आणि लोखंडी पट्टी व्हाइसमध्ये आवळायला घेतली.

तेवढ्यात मालकाचा नवा जावई कारखाना बघायला आला. त्याला भारी हौस. "द्या हो, मी आवळून बघतो," म्हणत त्यानं व्हाइसचा दांडा धरलासुद्धा.

"अहो जावईबापू, हात काढा आधी!" मालक केबिनमधून अनवाणीच धावत आला. "त्या जोडाचा काही भरवसा नाही!"



फिटरनं मालकाला एकदा नखशिखांत न्याहाळलं, पाना उचलला आणि व्हाइसचे बोल्ट सोडायला सुरुवात केली.