जागा सोडल्यास शून्य

"तुमच्या भावना आम्ही समजू शकतो," एकोणचाळीस पोरं एका सुरात म्हणाली.

परीक्षा चालू होती आणि मापनबाईंच्या कानाला फोन होता. नवरा ऑफिसात कोसळल्याचं तिथला शिपाई सांगत होता. पोरांनी मात्र क्लासचं नाव राखलं. चांगल्या घरातली पोरं ती, भावना ओळखायच्या क्लासात वर्षभर घासूनपुसून तयार झालेली. एकाने मान बरोब्बर तिरकी केली. एकीने खोल श्वास घ्यायला सांगितलं. तिसऱ्याने हात वर केला. "बाई, हे दुःख लिहायचं की भीती?"

मोठ्या शाळेत नववीची एकच जागा होती. ती भावनिक समजेवर मिळणार होती, आणि समज मोजायला मापनबाई. पोराकडे नुसतं बघून त्याच्या मायेचं माप दोन दशांशांपर्यंत सांगते, असं त्या स्वतःच सांगत. वस्तीतल्या पोरांत हा माल कमी निघतो, असा त्यांचा जाडजूड प्रबंधही होता.

मागे बाक सरकला. चाळिसावी उठली. दवाखान्यातल्या आयाची पोर. तिची शाळा आठवीलाच संपत होती. ही जागा हुकली तर आईबरोबर फरशी पुसायची. तिने बाईंच्या हातातला फोन काढून घेतला.

"कुठल्या दवाखान्यात नेलंय, काका? बरं, माझ्या आईच्याच. उठा बाई. मागच्या दाराने जाऊ, पुढे नाव लिहीत बसवतात."

"फळ्यावर लिहिलंय, जागा सोडल्यास शून्य," मान तिरकी ठेवूनच पहिला म्हणाला.

"वाचलंय," पोर म्हणाली.

रिक्षात तिने एकच विचारलं, "त्यांना कुठलं औषध सोसत नाही?" बाईंनी रडत रडत नाव सांगितलं. दोघी पोचल्या तेव्हा नेमक्या त्याच औषधाची सुई भरून तयार होती. पोर दारातूनच ओरडली. डॉक्टरांचा हात थांबला. नवरा वाचला.

संध्याकाळी बाई दवाखान्यातल्या बाकावर टेकल्या. पोरीने चहा आणून दिला. तेवढ्यात बाईंना आठवलं, निकाल आजच द्यायचाय. गुण लिहायचे कागद शाळेतच राहिले असते, पण निघताना पोरीने ते आठवणीने त्यांच्या पिशवीत कोंबले होते.

बाईंनी तिच्याकडूनच पेन मागून घेतलं आणि चाळिसाव्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'भावनांवर ताबा नाही. परीक्षेतून उठून गेली. शून्य.'