फडक्यातलं पाणी

शालिग्राम मुद्दामच सावकाश जेवत होते. बाहेर अंगणात गणपत उभा होता आणि त्याच्या हातातल्या गाठोड्यातून टप टप पाणी गळत होतं.

"तात्या, आधी एवढं बघा."

"भरल्या ताटावरून उठायचं नसतं, भिया," शालिग्राम म्हणाले आणि आणखी ताकभात वाढून घेतला.

शालिग्राम धारच्या राजवाड्यात पाणी भरत. कावडीतला थेंबसुद्धा सांडू न देणारा माणूस, अशी त्यांची ख्याती. होळीला गणपतने त्यांच्या पार्वतीला मागणी घातली. जातगोत जुळत होतं, आडवा आला तो गणपतचा टांगा. "आज इथे, उद्या तिथे, तुला कसली मुलगी द्यायची?" शालिग्राम चार माणसांत म्हणाले होते. "ज्या दिवशी पाणी फडक्यात बांधून माझ्या अंगणात आणशील, त्या दिवशी दिली." सगळे हसले. पार्वती हसली नव्हती. तेवढ्यावर गणपत तग धरून होता.

मग वैशाखात महूच्या छावणीत त्याला बर्फाची लादी दिसली. पाणीच, पण दगडासारखं. त्याने पाट्याएवढा तुकडा मिळवला, भुशात पुरला, वर गोणपाट टाकलं आणि पहाटेच घोडा धारच्या वाटेला लावला. ऊन चढलं तसे टांग्याखाली थेंब पडू लागले. तापल्या धुळीत डाग उमटायचा आणि मागे वळून पाहीपर्यंत उडून जायचा. वाटेत घाटाबिल्लोदला तुकडा नारळाएवढा झाला होता. धारच्या वेशीत तो मुठीएवढा उरला, तेव्हा गणपतने तो फडक्यात बांधला.

शालिग्राम जेवले. हात धुतले. पानाला चुना लावायला बसले. गळतं गाठोडं त्यांनी जेवतानाच एकदा पाहिलं होतं आणि गणपत अट पुरी करायला आलाय हे ओळखलं होतं. त्यांना काहीच करायचं नव्हतं, ऊन सगळं करणार होतं. कुंपणाशी शेजारीपाजारी जमले.

"गणपत, सावलीत ये रे," शेजारच्या यमुनाबाई म्हणाल्या, "नाहीतर तूही वितळशील."

विडा तोंडात टाकून शालिग्राम अखेर बाहेर आले. "हं, सोड गाठ."

गणपतने गाठ सोडली. आत काही नव्हतं. कुंपणाशी हशा पिकला.

"पाणी कुठाय, भिया?"

गणपतने फडकं उलटून पाहिलं. फडक्याचे कोपरे त्याच्या हातातच वाळू लागले होते.

पार्वती दारातून पेला घेऊन आली. "बाबा, तुमचा आणखी एक विडा होईपर्यंत हेही उडून जाईल," ती म्हणाली. तिने गणपतच्या हातातून फडकं घेतलं आणि पेल्यावर पिळलं. आधी धार लागली, मग थेंब.

शालिग्रामनी पेल्यात बोट घातलं आणि झटकन मागे घेतलं. उभा जन्म त्यांनी पाणी वाहिलं होतं. भर वैशाखात असं पाणी त्यांच्या हाताला कधी लागलं नव्हतं.

"हे धारचं पाणी नव्हे," ते हळूच म्हणाले.

"महूचं आहे, तात्या. आणि फडक्यातच आलंय."

आता कोणी हसलं नाही. शालिग्रामनी पार्वतीच्या हातातून पेला घेतला.

"पार्वते, हात पुढे कर. तूही कर रे. तिच्या हाताखाली धर."

आणि कधी थेंबही सांडू न देणाऱ्या त्या माणसाने सगळा पेला त्या दोघांच्या ओंजळीवर रिता केला.

"सोडलं पाणी," ते म्हणाले.