गोजराचं गाठोडं

कापसाची गाडी कारंज्याच्या बाजारात गेली, की प्रत्येक शेतकऱ्यानं ओंजळभर कापूस दवाखान्याला द्यायचा. तो विकून लेकरांना फुकट औषध मिळे. माझी बायको गोजरा मात्र घरूनच गाठोडं भरून द्यायची.

"आपल्याले लेकरू नाई, मंग एवढा काहून देतं वं?"

"न्या ना जी. कोनाचं तरी वाचंल."

फार वर्षांनी पोर झाली, तीही सातव्या महिन्यात. गोजरा बाळंतपणातच गेली. पोर गार पडत चालली, म्हणून मी तिला घेऊन दवाखाना गाठला.

"औषध मंग. हिले आदी ऊब पाह्यजे," म्हणत कंपाउंडरनं कोपऱ्यातल्या ढिगातलं एक गाठोडं सोडलं, पोरीला कापसात गुंडाळलं आणि रिकामं फडकं माझ्या हातात दिलं.



ते गोजराच्या लुगड्याचं होतं.