पायांचा आवाज

“काका, जागच्या जागी चाला. पाय उचलून आपटा, मला आवाज आला पाहिजे,” मोबाइलच्या पडद्यावरून फिजिओथेरपिस्ट म्हणाली.

पार्किन्सन झालेले नाना खुर्चीत बसूनच खांदे उडवू लागले. पडद्यावर तेवढंच दिसत होतं. मोबाइलमागे उभ्या राहून नानी त्यांच्या वाटचे पाय आपटत होत्या. नवऱ्याची लाज राखायची त्यांना जुनी सवय होती.

“पायांत जोर आलाय हं, काका!”

“कष्टाचं फळ,” नाना गंभीरपणे म्हणाले.

“पण आज एक पाऊल लंगडतंय. गुडघा दुखतो का?”

नानांनी वर पाहिलं. नानी ओठ दाबून, भिंतीला धरून पाय आपटतच होत्या.

“थांब गं,” म्हणताना नानांची मान खाली गेली. थरथरत्या हातांनी त्यांनी मोबाइल बायकोकडे वळवला.

“आधी हिचा गुडघा बघ, पोरी. मला नंतर रागाव.”