तुझ्यावाचून अडत नाही

ऑफिसात नवऱ्याचं आणि माझं टेबल शेजारीशेजारी, आणि आम्ही लिहिलेल्या कोडच्या दोन लायब्रऱ्या, म्हणजे कोडचे संच, त्याही शेजारच्याच फोल्डरांत. त्या एकत्र बिल्ड करायच्या, म्हणजे जोडून एकच चालता प्रोग्रॅम बनवायचा, की वेगवेगळ्या, यावरून आमची रोजची तणतण. त्या दिवशी मी तावातावाने म्हणाले, "वेगळंच ठेव. माझं तुझ्यावाचून काही अडत नाही!"

तो नुसता हसला आणि बिल्डच्या सूचनांच्या स्क्रिप्टमध्ये त्याने एक ओळ घुसडलीच: त्याची लायब्ररी शेजारी नसेल, तर थेट त्याच्या टेबलावरच्या मशीनवरून आणायची. खाली शेराही लिहिला, कारण प्रत्येक बदलाला शेरा लिहायची त्याची सवयच होती: "बघू, अडतं का."

त्याच संध्याकाळी घरी येताना अपघातात तो गेला.

दोन महिन्यांनी, आज, साहेब चाचरत म्हणाले, "त्याचा फोल्डर आता काढूया का? तुमचं एकटीचं चालतंय का, तेवढं बघा."

मी फोल्डर पुसला आणि बिल्ड सुरू केलं. ते अडणार हे मला ठाऊक होतं. त्याचं मशीन वायर गुंडाळून माझ्या पाठीमागच्या कपाटात बंद होतं आणि किल्ली माझ्याच पर्समध्ये होती.

बिल्ड मधेच थांबलं. थोडा वेळ काहीच हललं नाही. मग ते सुरळीत पूर्ण झालं आणि स्क्रीनवर शेवटची ओळ उमटली.

 

"लायब्ररी माझ्या मशीनवरून आणली. शेवटचा बदल: आत्ताच. शेरा: अडलं ना? आलो."