पायावरची आंघोळ

सासूबाई माझ्या तान्ह्या मुलीला कायमचं आपल्या गावी, नेरला घेऊन निघाल्या होत्या. “आंघोळ कोण घालीन, जवाईबापू?” बायको बाळंतपणात गेली, तेव्हापासून पोरीचं सगळं त्याच करत होत्या. “मी घालतो,” म्हटलं. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून अंगणात पाटावर बसलो, पाय लांब केले आणि तेल लावलेली पोर नडग्यांवर पालथी घेतली. ती निसटायला लागली. “पाय जुळवा! मधात फट कायले ठेवली?” सासूबाई ओरडल्या. शेजारच्या शोभाकाकू भिंतीवरून हसल्या, “माणूस न्हाऊ घालून राह्यला वं माय!” पोर किंचाळत होती. माझे पाय भीतीनं थरथरू लागले. त्या हलण्यानं ती गप्प झाली. मी पाय आवरले, तशी पुन्हा रडली. “थांबू नका!” म्हणत सासूबाईंनी पाणी ओतलं. पोर पुसून माझ्याच मांडीवर ठेवत म्हणाल्या, “उद्यापासून पाणी कोपरानं पाहात जा. बोटाले समजत नाही.”